संगणकाचा एसएमपीएस निवडताना

कमी खर्चात, पण खेळ चांगले चालतील असा संगणक जुळवायचे एखाद्या विद्यार्थ्याने ठरवले, की त्याचे सारे लक्ष दोन गोष्टींकडे जाते: प्रोसेसर कोणता आणि ग्राफिक्स कार्ड कोणते. घरून मिळालेल्या पैशांतला मोठा वाटा या दोन वस्तूंवर खर्च होतो. उरलेल्या पैशांत कॅबिनेट घ्यायचे आणि कॅबिनेटबरोबर दुकानदार देईल तो एसएमपीएस बसवायचा, असा सर्वसाधारण प्रघात आहे. कॅबिनेटच्या मागच्या बाजूस बसणारा हा पत्र्याचा चौकोनी डबा. त्याच्यावर ‘५०० वॅट’ असे ठळक छापलेले असले, की त्याची अधिक चौकशी कोणी करीत नाही.

संगणकातील प्रत्येक भाग मात्र याच डब्यातून वीज घेतो. तो निकृष्ट असेल तर खेळ ऐन रंगात आला असताना संगणक अचानक बंद पडतो. कधी डबाच जळतो आणि जाता जाता मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड व डिस्क यांनाही घेऊन जातो. हजार-दीड हजार रुपयांची बचत अशा वेळी कित्येक पटींनी महाग पडते. चांगला एसएमपीएस ओळखायचा कसा, हे समजून घ्यायला शालेय भौतिकशास्त्र पुरेसे आहे. ते येथे क्रमाने पाहू.

डब्याच्या आत काय घडते?

घरातील वीज २३० व्होल्ट दाबाची आणि प्रत्यावर्ती असते; तिची दिशा सेकंदाला ५० आवर्तनांनी बदलते. संगणकातील सूक्ष्म मंडलांना मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्ट दाबाचा दिष्ट प्रवाह लागतो. हे रूपांतर जुन्या रेडिओच्या एलिमिनेटरमध्येही होत असे. त्यात आधी लोखंडी गाभ्याच्या रोहित्राने दाब उतरवत आणि मग डायोडने प्रवाह एकाच दिशेचा करीत. पण ५० आवर्तनांवर चालणारे रोहित्र मोठे आणि जड असते. पाचशे वॅटसाठी तसे रोहित्र करायचे, तर ते काही किलो वजनाचे होईल.

एसएमपीएसमध्ये हा क्रम बदललेला असतो. येणारी वीज प्रथम डायोडच्या सेतूतून जाऊन दिष्ट होते. २३० व्होल्ट ही सरासरी-वर्गमूळ किंमत असल्याने तिचे शिखर २३० × १.४१, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट असते. चांगल्या एसएमपीएसमधील शक्तिगुणक सुधारणारे मंडल हा दाब ३८० ते ४०० व्होल्टपर्यंत चढवते आणि एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवते. नंतर ट्रान्झिस्टर हा दिष्ट प्रवाह सेकंदाला हजारो वेळा, साधारणपणे पन्नास हजार ते एक लाख वेळा, चालू-बंद करतात. या चालू-बंद करण्यावरूनच ‘स्विच मोड पॉवर सप्लाय’ हे नाव पडले आणि त्याच्या आद्याक्षरांतून एसएमपीएस. वारंवारता इतकी वाढल्यावर तीच शक्ती पलीकडे पोचवायला मूठभर आकाराचे फेराइटचे रोहित्र पुरते. त्यानंतर पुन्हा डायोड किंवा ट्रान्झिस्टर, वेटोळी व कपॅसिटर यांच्या मदतीने स्वच्छ दिष्ट प्रवाह मिळवला जातो. बाहेर पडणाऱ्या दाबावर एक नियंत्रक मंडल सतत लक्ष ठेवते. दाब घसरू लागला, की ट्रान्झिस्टर अधिक काळ चालू ठेवून ते तो सावरते.

वॅटच्या आकड्यात काय दडते?

विद्युतशक्ती म्हणजे दाब गुणिले धारा, हे आपण वर्गात शिकवतो. एसएमपीएसच्या बाजूला एक तक्ता चिकटवलेला असतो. त्यात प्रत्येक दाबासमोर तो जास्तीत जास्त किती अँपिअर देऊ शकतो हे लिहिलेले असते. खरी माहिती ठळक आकड्यात नसून या तक्त्यात असते.

समजा, ‘अ’ नावाच्या एसएमपीएसवर ५०० वॅट असे लिहिले आहे. तक्ता असा: १२ व्होल्टला १८ अँपिअर, ५ व्होल्टला ३२ अँपिअर, ३.३ व्होल्टला ३२ अँपिअर. गुणाकार करू. १२ × १८ = २१६ वॅट. ५ × ३२ = १६० वॅट. ३.३ × ३२ = सुमारे १०६ वॅट. राहिलेल्या किरकोळ वाहिन्यांचे १६ वॅट धरले, तर बेरीज जवळजवळ ५०० येते.

दुसरा ‘ब’. यावर ४५० वॅट लिहिले आहे. तक्त्यात १२ व्होल्टला ३६ अँपिअर आहेत. १२ × ३६ = ४३२ वॅट.

वरवर पाहता ‘अ’ मोठा दिसतो. पण आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे ग्राहक मुख्यतः १२ व्होल्टच्या वाहिनीवरून शक्ती घेतात. त्यांच्या दृष्टीने ‘अ’ हा २१६ वॅटचा आहे आणि ‘ब’ ४३२ वॅटचा. म्हणजे ‘ब’ची खरी क्षमता दुप्पट आहे.

‘अ’सारखे एसएमपीएस का निघाले, याला इतिहास आहे. १९८१ साली आयबीएम कंपनीचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याचा वीजपुरवठा केवळ ६३.५ वॅटचा होता आणि त्यातील बहुतेक शक्ती ५ व्होल्टवर लागत असे. १९९५ साली इंटेल कंपनीने एटीएक्स नावाचे मानक आणले. त्या काळीही ५ आणि ३.३ व्होल्टचे महत्त्व होते. पुढे प्रोसेसरची भूक वाढत गेली. १०० वॅट शक्ती ५ व्होल्टवर न्यायची तर २० अँपिअर धारा लागते; १२ व्होल्टवर ८.३ अँपिअर पुरते. वायरमध्ये वाया जाणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे दाब जास्त ठेवणे फायद्याचे. म्हणून २००० सालापासून प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी जोडणी आली आणि हळूहळू सारा भार १२ व्होल्टवर गेला. जुन्या आराखड्याचे स्वस्त डबे मात्र बनत राहिले. त्यांत ५ आणि ३.३ व्होल्टवर भरपूर क्षमता असते, पण ती वापरणारे आता फारसे कोणी नाही.

काही तक्त्यांत १२ व्होल्टच्या दोन वाहिन्या दाखवलेल्या असतात. त्यांचे अँपिअर सरळ मिळवू नयेत. दोन्हींची मिळून कमाल शक्ती किती, हा आकडा शेजारी दिलेला असतो; तोच धरावा.

आपल्याला किती लागते?

एक उदाहरण घेऊ. इंटेलचा कोर आय-५ १२४००एफ हा प्रोसेसर आणि एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड. या प्रोसेसरवर ६५ वॅट असे लिहिलेले असते, पण ती पायाभूत किंमत आहे. पूर्ण वेगात तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. ग्राफिक्स कार्डाची शक्ती १७० वॅट. मदरबोर्ड, मेमरी, डिस्क आणि पंखे यांचे मिळून ५० वॅट धरू. एकूण ३३७ वॅट. यांतील सुमारे ३०० वॅट १२ व्होल्टवर येतात, म्हणजे २५ अँपिअर. वरचा ‘अ’ येथेच बाद होतो, कारण त्याची मर्यादा १८ अँपिअर आहे.

मग ३५० वॅटचा उत्तम एसएमपीएस घ्यावा का? तेही योग्य नाही. ग्राफिक्स कार्डाची मागणी स्थिर नसते. पडद्यावरील दृश्य बदलताच सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरती ती सरासरीच्या कितीतरी वर उसळी घेते. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात याची दखल घेतलेली आहे. त्यात मोठ्या क्षमतेच्या एसएमपीएसने अंकित शक्तीच्या दुप्पट मागणी १०० मायक्रोसेकंद सहन करावी, अशी अपेक्षा आहे. शिवाय पूर्ण भारावर सतत चालणारा डबा अधिक तापतो आणि त्याचा पंखा मोठ्याने फिरतो. म्हणून बेरजेच्या दीडपट ते पावणेदोनपट क्षमता धरण्याचा ठोकताळा बरा. ३३७ वॅटसाठी ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस घेतला, तर भार सुमारे ६१ टक्के राहतो. आरटीएक्स ३०६० साठी एनव्हिडियाही ५५० वॅटचीच शिफारस करते. कार्ड आरटीएक्स ४०६० असेल, तर त्याची शक्ती ११५ वॅट आहे. तेव्हा बेरीज २८२ वॅट होते आणि प्रामाणिक तक्ता असलेला ४५० वॅटचा एसएमपीएसही पुरतो.

याउलट, ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून ८५० वॅटचा घेणेही बजेटमध्ये बसत नाही. संगणकावर नुसते लेखन चालू असताना तो ५०-६० वॅट घेतो. ८५० वॅटच्या डब्यावर हा भार ७ टक्के होतो, आणि इतक्या कमी भारावर कार्यक्षमता घसरते.

कार्यक्षमता आणि विजेचे बिल

एसएमपीएसने संगणकाला दिलेली शक्ती आणि भिंतीतून घेतलेली शक्ती यांचे गुणोत्तर म्हणजे त्याची कार्यक्षमता. खेळ चालू असताना संगणकाला सरासरी २८० वॅट लागतात असे धरू. कार्यक्षमता ८५ टक्के असेल, तर भिंतीतून ३२९ वॅट घेतले जातात. ७० टक्के असेल, तर ४०० वॅट. फरक ७१ वॅटचा. रोज ३ तासांचा वापर धरला, तर वर्षाला सुमारे ७८ युनिट जास्त जळतात. युनिटला १० रुपये धरले तरी हे ७८० रुपये होतात. तीन वर्षांत २३०० रुपयांहून अधिक. स्वस्त डब्यात वाचवलेले पैसे असे बिलातून निघून जातात.

वाया गेलेल्या या शक्तीची उष्णता होते, हे विशेष लक्षात ठेवावे. पहिल्या डब्यात ४९ वॅट उष्णता निर्माण होते, तर दुसऱ्यात १२० वॅट. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात खोलीच ४० अंशांवर असते, कॅबिनेटच्या आत आणखी जास्त. इलेक्ट्रोलाइटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. म्हणून ८५ अंशांऐवजी १०५ अंशांसाठी बनवलेले कपॅसिटर असणे हे चांगल्या एसएमपीएसचे एक लक्षण मानतात. तसेच अंकित शक्ती कोणत्या तापमानाला दिली आहे, हेही पाहावे. चांगले उत्पादक ४० किंवा ५० अंश असे स्पष्ट लिहितात.

कार्यक्षमतेसाठी ‘८० प्लस’ नावाची प्रमाणपत्र योजना २००४ साली सुरू झाली. मूळ अट अशी की २०, ५० आणि १०० टक्के भारावर कार्यक्षमता किमान ८० टक्के असावी. पुढे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटेनियम अशा पायऱ्या आल्या. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भारावर ब्राँझला ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के कार्यक्षमता लागते. आपल्या २३० व्होल्टवर कार्यक्षमता सामान्यतः थोडी अधिकच मिळते, कारण आत येणारी धारा निम्मी असते. बजेटच्या संगणकाला ब्राँझ पुरे आहे.

पण हे प्रमाणपत्र कार्यक्षमतेचे आहे, सुरक्षिततेचे नव्हे. २०२१ साली गिगाबाइट कंपनीच्या ७५० आणि ८५० वॅटच्या दोन मॉडेलांबद्दल ते जळाल्याच्या तक्रारी आल्या. दोन्ही मॉडेले गोल्ड दर्जाची होती. जादा शक्ती खेचली गेल्यास डबा बंद पाडणाऱ्या संरक्षणाची मर्यादा १२० ते १५० टक्क्यांवर ठेवलेली होती. कंपनीने ती ११० ते १२० टक्क्यांवर आणली आणि ठरावीक क्रमांकांचे नग बदलून देण्याची सोय केली.

संरक्षण आणि स्थिरता

म्हणून डब्याच्या माहितीपत्रकात संरक्षणांची यादी शोधावी. जादा धारा, जादा दाब, कमी दाब, शॉर्ट सर्किट, जादा शक्ती आणि जादा तापमान अशी सहा संरक्षणे चांगल्या एसएमपीएसमध्ये असतात. काही बिघडल्यास डब्याने स्वतः बंद पडावे आणि पुढचे भाग वाचवावेत, हा त्यांचा हेतू. स्वस्त डब्यांत यांतलीच काटकसर केलेली असते आणि ती बाहेरून दिसत नाही.

एटीएक्स मानकानुसार १२ व्होल्टची वाहिनी ५ टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्ट. जुन्या आराखड्यात १२ आणि ५ व्होल्ट यांचे नियंत्रण एकत्र असते. सगळा भार १२ व्होल्टवर पडला, की तो दाब खाली जातो आणि ५ व्होल्टचा वर चढतो. नव्या आराखड्यात आधी फक्त १२ व्होल्ट तयार करतात आणि त्यापासून ५ व ३.३ व्होल्ट वेगळे बनवतात. माहितीपत्रकात ‘डीसी टू डीसी’ असा उल्लेख असेल, तर हा नवा आराखडा आहे असे समजावे.

आपल्याकडे दिवे क्षणभर मिचकावतात. त्या क्षणी संगणक चालू राहतो की बंद पडतो, हे आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ठरते. ४०० वॅट शक्ती १७ मिलिसेकंद पुरवायची, तर ४०० × ०.०१७ = ६.८ ज्यूल ऊर्जा हवी. कपॅसिटरमधील ऊर्जा म्हणजे अर्धे गुणिले धारिता गुणिले दाबाचा वर्ग. २७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३८० वरून ३०० व्होल्टपर्यंत उतरताना सुमारे ७.३ ज्यूल देतो. पैसे वाचवण्यासाठी १५० मायक्रोफॅरडचा बसवला, तर ४.१ ज्यूलच मिळतात आणि डबा १० मिलिसेकंदांत हार मानतो.

याच कारणाने एसएमपीएस कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही या कपॅसिटरमध्ये साडेतीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ राहू शकतात. त्यांचा धक्का जीवघेणा ठरू शकतो.

वायरी आणि जोडण्या

ग्राफिक्स कार्डाला मदरबोर्डच्या खाचेतून ७५ वॅट मिळू शकतात. त्याहून अधिक लागल्यास सहा पिनांची जोडणी ७५ आणि आठ पिनांची १५० वॅट देते. आपल्याला हवी ती जोडणी एसएमपीएसच्याच वायरीवर असली पाहिजे. ती नसेल तर दुकानात रूपांतरक वायर मिळते आणि येथेच घात होतो. डिस्कसाठीच्या साटा जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची मर्यादा १.५ अँपिअर. एकूण ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. तिच्यापासून ७५ किंवा १५० वॅटची जोडणी बनवली, तर पिना तापून प्लॅस्टिक वितळू शकते.

वायरीची जाडीही पाहावी. तिच्यावर १८ किंवा २० असा गेज क्रमांक छापलेला असतो. क्रमांक जितका लहान तितकी तार जाड. तसेच डब्यापासून सुटी होणारी वायर दुसऱ्या कंपनीच्या डब्याला लावू नये. डब्याकडच्या पिनांची मांडणी प्रत्येकाची निराळी असते आणि चुकीचा दाब चुकीच्या जागी जाऊन डिस्क जळते.

घरातील वीजजोडणी

अनेक ठिकाणी कॅबिनेटला हात लावला की मुंग्या आल्यासारखे होते, टेस्टरही लागतो. एसएमपीएसच्या प्रवेशाशी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याला जोडलेले दोन समान छोटे कपॅसिटर असतात. विद्युत-गोंगाट जमिनीत सोडणे हे त्यांचे काम. अर्थिंग नसेल, तर पत्र्याचा दाब दोहोंच्या मध्ये, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर राहतो. धारा अत्यल्प असते, पण ही खूण सांगते की त्या सॉकेटला अर्थिंग नाही. आत खरोखर बिघाड होऊन फेज पत्र्याला टेकली, तर वाचवणारे काही नाही. कितीही चांगला डबा घेतला तरी तिसरी पिन छाटून चालणार नाही.

ग्रामीण भागात दाब पुष्कळ खाली जातो. तेथे प्रवेशदाब १०० ते २४० व्होल्ट असा लिहिलेला एसएमपीएस घ्यावा. मागच्या बाजूस ११५ आणि २३० असे लाल बटण असेल, तर तो जुना आराखडा समजावा. हे बटण चुकून ११५ वर राहिले, तर डबा चालू करताच जळू शकतो.

यूपीएस घेतानाही हिशेब करावा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. आपल्या उदाहरणातील संगणक पूर्ण भारावर ३३७ ÷ ०.८५, म्हणजे सुमारे ३९६ वॅट घेतो, मॉनिटर वेगळाच. खेळ चालू असताना वीज गेली, तर असा यूपीएस तग धरणार नाही.

वर्गात करण्याजोगे

दुकानात जाताना एवढे प्रश्न लिहून न्यावेत: १२ व्होल्टवर एकूण किती वॅट मिळतात? अंकित शक्ती किती तापमानाला आहे? संरक्षणे कोणती? ग्राफिक्स कार्डाची जोडणी मूळ वायरीवर आहे का? हमी किती वर्षांची? तीन ते पाच वर्षांची हमी देणारा उत्पादक आतील भागांवर सहसा काटकसर करीत नाही.

‘विद्युतशक्ती’ हा पाठ शिकवताना शाळेच्या संगणक कक्षातील एसएमपीएसचे तक्ते विद्यार्थ्यांना बाहेरून वाचून उतरवायला सांगावेत. प्रत्येक वाहिनीची शक्ती काढून १२ व्होल्टचा वाटा एकूण शक्तीच्या किती टक्के येतो, हे त्यांनी मांडावे. एकाच ‘४५० वॅट’ नावाखाली किती वेगवेगळी उत्तरे येतात, हे त्यांना स्वतःच्या गुणाकारातून दिसेल. पुढे एखाद्याने घरी संगणक घ्यायचे ठरवले, तर तो दुकानदाराकडे आधी डब्याच्या बाजूचा तक्ता दाखवायला मागेल.